पाठ टेकली नव्हती

नवरा तोंडावर पडला होता आणि पंच म्हणत होते, पाठ टेकली नाही, चालू द्या.

त्याचा एक गाल ताडपत्रीला चिकटला होता. नाकातून रक्त येत होतं आणि एका कानातूनही येत होतं. नाकातलं मी गेल्या वर्षभरात घरी पुष्कळदा पाहिलं होतं, त्याचं मला काही वाटत नसे. कानातलं पहिल्यांदाच पाहिलं. पंच गुडघ्यावर बसले, त्यांनी त्याच्या छातीखाली हात सरकवला, खांदा चाचपला, मग उठून लोकांकडे पाहत दोन्ही हात हलवले. नाही. माणूस चीत झालेला नाही.

आमच्या वस्तीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपला माणूस अजून हरला नाही, असं ते एकमेकांना सांगत होते. समोरचा माणूस, ज्यानं ठोसा मारला होता, तो हात खाली सोडून दोराला टेकून उभा होता. तो पंचांकडे असा पाहत होता जसं यांची भाषा त्याला कळतच नाही.

तो खेळ बॉक्सिंगचा होता. पंच कुस्तीचे होते. एवढीच चूक झाली. बाकी सगळं व्यवस्थित होतं. बसायला खुर्च्या होत्या, बायकांसाठी वेगळा दोर बांधला होता, पाणी पाजायला माणूस होता.

हे तिथपर्यंत कसं आलं ते सांगते.

आम्ही नागपूरच्या उत्तरेकडच्या एका वस्तीत राहायचो. माणसं गिरणीत जायची, बायका दारात बसून बिड्या वळायच्या. माझा नवरा कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्याचा बाप रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनात कोळसा भरायचा, म्हणून या पोराला लहानपणी रेल्वेवाल्यांच्या हॉलमध्ये जाऊ द्यायचे. तिथे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. त्याला सगळे साहेब म्हणत. साहेबानं माझ्या नवऱ्यात काय पाहिलं ते साहेबालाच माहीत. मी पाहिला तेव्हा तो किडकिडीत होता, कान मोठे, हात लांब. लग्नात त्यानं पंगतीला बसून बुंदीला हात लावला नाही. माझ्या माहेरच्यांनी विचारलं, पोराला पोटाचा रोग आहे का. तर पुढच्या आठवड्यात त्याची स्पर्धा होती आणि त्याचं वजन जास्त भरत होतं.

बॉक्सिंगमध्ये वजनावर जोड लागते, हे मला लग्नानंतर कळलं. आपल्या वजनाचा माणूस आपल्यासमोर. अर्धा किलो जास्त भरलं तर खेळू देत नाहीत. म्हणून साहेब दर शनिवारी त्याला स्टेशनवर न्यायचा आणि पार्सलच्या काट्यावर उभा करायचा. आंब्याच्या पेट्या उतरवायच्या, माझा नवरा चढवायचा. वजन जास्त भरलं तर साहेब माझ्यावर रागवायचा. मला हिंदीत सांगायचा, इसको मत खिलाओ. नवी नवरी होते मी. नवऱ्याला खाऊ घालायला शिकवून पाठवलं होतं मला आईनं, आणि इथे मी भाकरी लपवत होते.

स्पर्धा जवळ आली की तो पाणीही सोडायचा. मे महिन्यात घोंगडी पांघरून गिरणीच्या बॉयलरजवळ बसायचा. तोंडात चिंच धरायचा म्हणजे लाळ सुटते, आणि ती लाळ डब्यात थुंकायचा. लाळेचंही वजन असतं म्हणे. डबा मी धुवायची. लोक म्हणायचे, चॅम्पियनची बायको आहेस. असेन.

पण तो खेळायचा चांगला. मला खेळातलं कळत नव्हतं, पण सकाळी अंगणात तो दोरीवरच्या उड्या मारायचा तो आवाज मला कळायचा. पाय जमिनीला लागतात की नाही असा आवाज. साहेब म्हणायचा, याला कोणी मारू शकत नाही कारण हा जिथे दिसतो तिथे नसतो. विदर्भात तो पहिला आला. मग सगळ्या देशाच्या स्पर्धेत त्याच्या वजनात पहिला आला. त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत त्याला ट्रकवर उभं केलं. इतके हार घातले की चेहरा दिसत नव्हता, कान तेवढे दिसत होते. गिरणीनं त्याला साच्यावरून काढून गेटवर बसवलं. सकाळी यायचं, सही करायची आणि प्रॅक्टिसला जायचं.

घरात कप झाले. कपाचं काय करायचं असतं ते कोणी सांगत नाही. एकात मी मीठ ठेवलं, एकात हळद. देशात पहिला आला त्या कपात तिखट ठेवलं, कारण त्याला झाकण होतं.

मग तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. परदेशात टीम जाणार होती, त्यात त्याचं नाव आहे असं ऐकलं, नंतर नाही असं ऐकलं. का, ते कोणी सांगितलं नाही. साहेबानं इंग्रजीत शिव्या दिल्या आणि आम्हाला मराठीतून समजलं. मग गिरणीनं खेळाची टीम बंद केली आणि नवरा परत साच्यावर गेला. आणि मग साहेबच बायकोपोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तेव्हा त्यांचे पुष्कळ लोक जात होते. जाताना तो आमच्या घरी आला, बाजेवर बसला, चहा घेतला आणि नवऱ्याला दोन गोष्टी सांगून गेला. वजन वाढवू नकोस, आणि पैशासाठी खेळू नकोस. एकदा पैसा घेतला की कपवाल्या स्पर्धेत परत कधीच घेत नाहीत.

दोन्ही गोष्टी नवऱ्यानं केल्या. आधी पैसे घेतले.

शहरातला एक ठेकेदार कुस्तीच्या दंगली भरवायचा. त्याचा म्हशींचा गोठा होता, पहिलवान पोसलेले होते, आणि मुंबईला जाऊन तो पाहून आला होता की लोक बॉक्सिंगला तिकीट काढतात. नागपुरात असा माणूस कोण, तर माझा नवरा. ठेकेदार आमच्या दारात आला तेव्हा मी बिड्या वळत होते. त्यानं मला रामराम केला आणि मी जयभीम केला. मग तो नवऱ्याशी बोलला. कप घेऊन काय करतं, म्हणाला. नवऱ्यानं तिखटाच्या कपाकडे पाहिलं. आमची पोरगी तेव्हा रांगत होती. तिनं त्याच वेळी काहीतरी तोंडात घातलं म्हणून मी उठले, आणि परत येऊन पाहिलं तर बोलणं झालेलं होतं.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं बरी गेली. तो गोंदियाला गेला, छिंदवाड्याला, अमरावतीला, जबलपूरला. कुठे यात्रेत, कुठे सिनेमाच्या तंबूत. समोर कधी खरा बॉक्सर असायचा, कधी सर्कशीतला माणूस, तर कधी ठेकेदाराचाच एखादा पहिलवान हातमोजे घालून. एका पहिलवानानं सवयीनं याचा पाय धरला आणि सोडेचना. दोघांना सोडवायला चार माणसं लागली. नवरा घरी येऊन हे सांगायचा आणि आम्ही हसायचो. तो जिंकायचाच. कोणाचा हात त्याला लागत नव्हता. आणि जे पडायचे ते सगळे पाठीवर पडायचे, त्यामुळे पंचांचा काही प्रश्न आला नाही. पंच ठेकेदाराच्या दंगलीतले म्हातारे पहिलवान होते. पुऱ्या शहरात त्यांच्या निकालावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. अजूनही कोणी ठेवणार नाही.

पण लोक खुश नव्हते. ठेकेदार एक दिवस येऊन म्हणाला, "पब्लिक म्हनते, हा मानूस नाही, उंदीर हाय. मांगच्याले दिसतच नाही. मार बी खात नाही, नुसता पयते. बदन बनव गा."

कुस्तीचा माणूस तो. त्याला वाटे, मोठा म्हणजे चांगला. त्यानं दोरीवरच्या उड्या बंद करायला लावल्या. पहिलवान काय पोरीसारखा दोरीवर उड्या मारते का, म्हणाला. त्याऐवजी जोर आणि बैठका. आणि खुराक. सकाळी त्याच्या गोठ्यातून म्हशीचं दूध यायला लागलं, सोबत बदाम. ही बातमी वस्तीत पसरली. ठेकेदार बाहेरचा माणूस, तो आपल्या माणसाला पोसतो आणि आपण पाहत बसायचं, हे लोकांना पटलं नाही. मग वस्तीनंही सुरू केलं. कोणी अंडी आणून द्यायचं, कोणी तूप. ज्यांच्या घरी पोरांना दूध नव्हतं त्यांनीही एखादं अंडं आणलं. नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या चुलीवर दिवसभर काहीतरी शिजत असायचं.

शेजारी एक म्हातारी होती, सगळी वस्ती तिला आजी म्हणायची. ती दर दोन दिवसांनी बकऱ्याच्या पायांचा रस्सा घेऊन यायची आणि तो संपेपर्यंत समोर बसायची.

"खा गा," म्हणायची. "चार लोकांत उघड्या अंगानं उभा रायतं तू. वस्तीची अब्रू हाय ते."

एकदा तो म्हणाला, "आजी, पाय जड होऊन राहिले ना मा."

"मंग? उडून जायचं हाय का? जमिनीवरच तं मारामारी करायची हाय."

त्यानं वाटी उचलून तोंडाला लावली.

मी त्याला एकदा आठवण करून दिली. साहेब काय सांगून गेला होता, म्हटलं. तो तेव्हा ताटावर बसला होता. भात, वरण, त्यावर तूप, बाजूला अंडी. सोळाव्या वर्षापासून हा माणूस भुकेला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी त्याला पोटभर जेवून ढेकर देताना पाहत होते. तो जेवताना हसायचा, पोरीला मांडीवर घ्यायचा, दुपारी झोपायचा. आधी तो झोपायचाच नाही, उपाशी माणसाला झोप येत नाही.

"साहेब जेवून सांगे वं," तो म्हणाला. "म्या उपाशी आयकत होतो."

मी ताटात आणखी भात वाढला.

वर्षभरात तो बदलला. मान भरली, खांदे भरले, पोटही थोडं आलं. सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. वस्तीत सगळ्यांना फार आनंद झाला, जसं काही सगळ्यांनी मिळून एक घर बांधलं होतं. वजन किती वाढलं ते कोणाला माहीत नाही, कारण मोजायला साहेब नव्हता. लढती त्यानं त्याही वर्षी जिंकल्या, पण घरी येऊन सांगायची गोष्ट कमी झाली आणि शेक द्यायचं काम वाढलं.

मग ठेकेदारानं नागपुरातच मोठी लढत ठेवली, आमच्या वस्तीपासून चालत जाण्यासारख्या मैदानात. भिंतींवर पेंटरकडून चित्रं काढून घेतली. चित्रात माझ्या नवऱ्याची छाती दारात मावणार नाही एवढी होती. समोरचा माणूस कामठीचा होता, फौजेतून सुटून आलेला. तिथे तो बॉक्सिंगच खेळायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा लढत पाहायला गेले. वस्तीच्या सगळ्याच बायका निघाल्या होत्या, मी घरी राहून काय केलं असतं. पोरीला माझ्या सासूजवळ ठेवलं.

थंडीचे दिवस होते, ऊन अजून होतं. बैलगाडीच्या फळ्यांवर ताडपत्री ताणली होती आणि चारी बाजूंनी विहिरीचे दोर जुन्या लुगड्यांनी गुंडाळून बांधले होते. आधी दोघांना मधे उभं केलं. कुस्तीत अशीच जोड लावतात. दोघांना शेजारी उभं करायचं, पाहायचं, हात लावून पाहायचं, आणि लोकांना विचारायचं, जोड बरोबर आहे का. पंचांनी माझ्या नवऱ्याचे खांदे दाबले, मग त्या माणसाचे दाबले. दोघेही भरलेले. पंचांचं समाधान झालं.

तो कामठीचा माणूस मात्र माझ्या नवऱ्याच्या पोटाकडे पाहत होता. तो ठेकेदाराला हिंदीत म्हणाला की वजन करा, काटा आणा. तो स्वतः उंचीनंच इतका होता की नवरा त्याच्या खांद्याला लागत होता.

ठेकेदार मोठ्यानं म्हणाला, "काटा कायले? आपन संत्री इकून राहिलो का?"

सगळं मैदान हसलं. नवराही हसला. मीही हसले, कारण बोलणं तसं होतंच.

पहिले दोन राऊंड नवरा बरा खेळला. लोक ओरडत होते. तिसऱ्यात मला त्याचे पाय ऐकू यायला लागले. इतक्या आवाजातही. ताडपत्रीवर पाय आपटत होते. त्यानं जन्मभर तीन राऊंडच खेळले होते, कपाच्या स्पर्धेत तेवढेच असतात, आणि ठेकेदाराच्या लढती त्याआधीच संपायच्या. ही दहा राऊंडची होती. चौथ्यात त्यानं तोंड उघडं टाकलं. पाचव्यात तो जिथे दिसत होता तिथेच होता, आणि त्या माणसाचा प्रत्येक हात त्याला लागत होता. आजी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, रस्सा पचला नाही वाटतं. ती थट्टा करत नव्हती.

सहाव्यात कानशिलावर ठोसा बसला आणि तो सरळ तोंडावर पडला.

पंचांनी हात हलवले ते मी सांगितलंच. त्यानंतर आमच्या लोकांनी त्याला नावानं हाका मारायला सुरुवात केली. ऊठ, म्हणत होते, तू हरला नाहीस. आणि तो उठला. म्हणजे गुडघ्यांवर आला. डोळे उघडे होते पण ते कोणाकडेच पाहत नव्हते. त्यानं हात वर केले, ज्या बाजूला कोणीच नव्हतं त्या बाजूला. कामठीचा माणूस हलला नाही. लोकांनी त्याला शिव्या दिल्या. ठेकेदारानं दोराजवळ जाऊन त्याला काहीतरी सांगितलं. मग तो पुढे आला आणि त्यानं माझ्या नवऱ्याला मोज्याच्या चपट्या बाजूनं ढकललं, दार ढकलतात तसं. नवरा परत पडला. परत तोंडावर.

पंच परत गुडघ्यावर बसले. परत हात घातला. परत हलवले.

आता हे किती वेळ चालणार, असं मी मनात म्हटलं. वस्ती त्याला उठवत राहणार आणि पंच चालू ठेवणार. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

मी उठले आणि बायकांचा दोर ओलांडला. आजीनं माझा पदर धरला होता, तो सुटला. त्या फळ्यांवर चढायला पायरी नव्हती, मी गुडघे टेकून चढले. नवऱ्याच्या कमरेखाली एक हात घातला, खांद्याखाली एक, आणि त्याला उलटा केला. जड होता फार. एका झटक्यात झाला नाही, दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा झाला. त्याचे दोन्ही खांदे मी ताडपत्रीला दाबून धरले.

"टेकली पाठ," मी पंचांना म्हटलं. "पाहा. आता सोडा त्याले."

पंच वाकले. त्यांनी एक खांदा पाहिला, दुसरा पाहिला. मग उठून कामठीच्या माणसाचा हात वर केला.

तो माणूस हात सोडवून खाली बसला, दातांनी मोज्यांच्या गाठी सोडल्या, माझ्या नवऱ्याच्या तोंडातलं, दात वाचवायला घालतात ते रबर काढलं आणि त्याला एका कुशीवर केलं. पाठीवर ठेवला असता तर रक्त घशात गेलं असतं. हे मला माहीत नव्हतं. मला पाठच टेकवायची होती.

गाडी नव्हती. सायकलरिक्षा आणली. ठेकेदार गर्दीत होता तो नंतर दिसला नाही. रिक्षात मी बसले आणि तो कामठीचा माणूस बसला, उघड्या अंगावर फक्त शाल घेऊन, आणि नवऱ्याचं डोकं त्यानं दोन्ही हातांत धरलं. रिक्षावाल्याला तो दर खड्ड्याला म्हणत होता, धीरे भाई. मला म्हणाला, "भाभी, सर हिलना नहीं चाहिए." मी म्हटलं, ठीक आहे.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कोणी मारलं. कामठीचा माणूस म्हणाला, मैंने. तिथे पोलिसचौकी होती, हवालदारानं त्याला बाकावर बसवून ठेवलं. हवालदार मला म्हणाला की तुझा नवरा गेला तर याच्यावर खुनाचा गुन्हा लागेल, काय लिहू सांग. मी सांगितलं की हा माणूस काटा मागत होता. हवालदाराला त्यातलं काही समजलं नाही. पण मी दुसरं काही सांगितलं नाही, तेव्हा त्यानं अपघात असं लिहिलं.

डोक्यात रक्त साचलं होतं. कवटीला भोक पाडून ते काढलं. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहायची. जगेल की नाही ते सांगता येत नाही, आणि जगला तरी कसा जगेल ते सांगता येत नाही. मी व्हरांड्यात बसून वाट पाहिली. बिड्या वळायचं सूप सोबत नव्हतं, त्यामुळे हात रिकामे होते. तशी मी कधी बसले नव्हते.

वस्तीचे लोक यायचे. नवऱ्याला पाहायचे, पण माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं. आजी तर माझ्याकडे पाहायचीही नाही. तिनं दुसऱ्या बाईला मला ऐकू जाईल असं सांगितलं, "त्यानं नाही हारवला. घरच्या बाईनंच चीत केला." वस्तीनं वर्षभर घास घास काढून उभा केलेला माणूस मी चार लोकांत उलटा करून हरवला होता, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते.

एक दिवस पंच आले. पांढरं धोतर, फेटा. ते माझ्याजवळ जमिनीवरच बसले. कामठीचा माणूस पलीकडच्या बाकावर होता. तो रोज यायचा. एकदा येताना संत्री घेऊन आला होता, ती कोणी खाल्ली नव्हती. पंचांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "बाई, म्या गलत निकाल नाही देल्ला. पाठ टेकली नव्हती."

"नव्हती टेकली," मी म्हटलं.

"मंग मुक्केबाजीत हार कशानं होते?"

मला माहीत नव्हतं. मी त्या माणसाकडे पाहिलं. त्यानं हिंदीत सांगितलं की माणूस पडला की दहा मोजायचे, तेवढ्यात पायांवर उभा राहिला नाही तर हरला. मग तो पाठीवर पडो, पोटावर पडो, बसून राहो.

पंचांनी हे ऐकलं. त्यांनी बोटांवर दहा मोजून पाहिले, मनातल्या मनात, ओठ हलत होते.

"मंग तं तो पहिल्याच खेपेले हारला होता," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"अन् म्या त्याले उठवू देल्ला."

ते उठले, आत जाऊन नवऱ्याच्या पायाशी उभे राहिले आणि गेले. त्यानंतर त्यांनी दंगलीत पंच म्हणून बसणं सोडलं असं ऐकलं. ठेकेदारानं दुसरे आणले. बॉक्सिंग त्यानं परत भरवली नाही, म्हशी आणि कुस्ती एवढंच ठेवलं.

मधे एकदा डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि घरच्या लोकांना कळवा म्हणाले. ताप चढला होता आणि श्वास नीट लागत नव्हता. मी सासूला आणि पोरीला बोलावलं. सासू पोचली, रडली, रडून झालं, आणि ताप उतरला.

त्यानंतर एका सकाळी त्यानं डोळे उघडले आणि ते माझ्यावर ठेवले. एक डोळा नीट, एक थोडा बाजूला.

"तू कोन वं?"

"बायको," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि परत झोपला.

दवाखान्यातून सुटायला फार दिवस लागले. घरी आणला तेव्हा तो पुन्हा किडकिडीत झाला होता. उजवा हात थरथरायचा. डावा कान गेला तो गेलाच. बोलताना एखादा शब्द सापडत नसे, मग तो त्या जागी थांबून राहायचा आणि मी तो शब्द द्यायची. साहेब त्याला आठवायचा, बॉयलर आठवायचा, मिरवणुकीतला ट्रक आठवायचा. ती लढत आठवत नव्हती. लोकांनी सांगितली तेव्हा त्यानं दुसऱ्याचीच असावी तशी ऐकली.

गिरणीत साच्यावर उभं राहणं त्याला जमलं नाही. काही वर्षं मी बिड्यांवर घर चालवलं. पुढे कळमन्याला बाजार झाला तेव्हा एका धान्याच्या व्यापाऱ्यानं त्याला गोदामावर चौकीदार ठेवलं. हा तोच चॅम्पियन, असं तो व्यापारी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. माल चोरणारा घाबरेल असं त्याला वाटे. नवरा स्टुलावर बसून राहायचा. पोरगी शिकली, नोकरीला लागली, तिनं नंदनवनात दोन खोल्या घेतल्या आणि आम्हाला तिकडे नेलं. वस्ती सुटली. आजी माझ्याशी कधी बोलली नाही. आम्ही निघालो त्या दिवशी तिनं नवऱ्याच्या हातात दोन अंडी ठेवली.

कामठीचा माणूस मधूनमधून यायचा. दोघे दारात बसायचे, फार बोलायचे नाहीत. एकाला हिंदी, एकाला कमी ऐकू. मी चहा द्यायची. एका वर्षी तो आला नाही म्हणून चौकशी केली तर कळलं की काविळीनं गेला. चांगला धडधाकट माणूस होता. आजी गेली, पंच गेले. ठेकेदाराला त्याच्याच म्हशीनं मारलं, त्यात तो सहा महिने पडून राहून गेला. साहेबाचं काय झालं ते कोणाला माहीत नाही.

नवरा वाचला. अजून आहे.